काम क्रमांक एकशे चौदा

जानेफळ,
गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप कचरू मामा यांस,

तुमच्या भाच्याचा, नागसेनचा, जानेफळहून दोन्ही हात जोडून जयभीम. मामींनाही माझा जयभीम सांगावा. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, असं यानंतर लिहायची पद्धत आहे. पण पंपाची मोटार तपासायच्या आधी 'ठीक आहे' असं लिहायचं नाही हे तुम्हीच शिकवलं, म्हणून ते वाक्य सध्या बाजूला ठेवतो. तुमच्या डाव्या गुडघ्याचं कसं आहे? मागच्या वेळी ओट्यावरून उठताना त्यातून जो आवाज आला तो मी अजून विसरलो नाही. बेअरिंग कोरडं पडलं की असाच येतो. तेल लावत चला. मामींच्या चष्म्याचं काम झालं का? तुमची बकरी व्याली आणि दोन्ही पिल्लं धट्टीकट्टी आहेत असं आईकडून कळलं. वाचून कोणाला वाटेल, बकरीच्या पिल्लांची एवढी चौकशी कशाला. पण सध्या कोणाचंही पिल्लू धट्टंकट्टं आहे हे ऐकलं की मला बरं वाटतं आणि थोडा हेवाही वाटतो.

फोन असताना पत्र काऊन, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण असं की फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो मामा' म्हणतो. या महिन्यात मी तुम्हाला चार वेळा फोन केला, आणि चारही वेळा जे सांगायचं ते पोटात ठेवून फोन बंद केला. (परवा मंगळवारच्या फोनवर मी अकरा वेळा 'हो मामा' म्हणालो. मंजुश्रीने मोजलं.) त्या अकरांतला एक 'हो' चुकीच्या जागी पडला आहे. तो कोणता हे लिहायला मला धीर लागेल, म्हणून सगळं क्रमाने लिहितो. बाबांच्या माघारी नववीत माझी शाळा सुटली आणि तुम्ही मला तुमच्या मोटार-पंप दुरुस्तीच्या दुकानात घेतलं. पहिल्या दिवशी तुम्ही हातात स्क्रू फिरवायचा पेचकस दिला नाही, वही दिली. काम क्रमांक, मालकाचं नाव, आवाज कसा, कधी येतो, काय केलं, दुरुस्तीचा दिनांक. आणि 'दुरुस्ती' हा शब्द चुकला म्हणून पाटीवर पन्नास वेळा लिहून घेतला, कारण ज्याला तो शब्द नीट लिहिता येत नाही त्याच्या हातात कोणी मोटार देत नाही. ती सवय अंगात मुरली आहे. म्हणून हे पत्र म्हणजे एका कामाचा कागद आहे असं समजून वाचा.

काम क्रमांक एकशे चौदा. मालक, मी आणि मंजुश्री. वस्तू, चि. यशोधरा, म्हणजे आपली यशू, वय दोन महिने सहा दिवस. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर ही घरात आली, हे तुम्हाला सांगायला नको. सव्वा महिन्याने मंजुश्री माहेरहून तिला घेऊन आली तेव्हा सोबत अंगडी-टोपडी आली, पाळणा आला आणि हा आवाज आला. श्वास आत घेताना शिट्टी. बाहेर सोडताना काही नाही. उताणी असली की जास्त, खांद्यावर उभी धरली की कमी, दूध पिऊन झालं की सगळ्यात जास्त. पिऊन झाल्यावर दूध वर येतं, कधी ओठांतून ओघळतं, कधी माझ्या शर्टावर पडतं. (माझ्याकडे आता असा एकही शर्ट नाही ज्याच्या डाव्या खांद्यावर पांढरा नकाशा नाही.) स्वतः यशूला त्याचं काही नाही. ती शिट्टी वाजवता वाजवता हसते. बाकी घरात कोणी हसत नाही.

मामा, तुमच्या-माझ्यासारख्या माणसाने हा आवाज ऐकला की त्याच्या मनात एकच गोष्ट येते. (मंजुश्री हे पत्र वाचणार आहे, म्हणून फोड करून लिहितो. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी एक झडप असते, तिला फुटव्हॉल म्हणतात. पाणी वर जाताना ती उघडते आणि वर गेलेलं पाणी परत विहिरीत पडू नये म्हणून मिटते. तिच्यातलं चामड्याचं वायसर ढिलं असलं की पाणी उलटं येतं, आणि पंप पाण्याबरोबर हवा ओढून शिट्टी मारतो.) श्वास ओढताना शिट्टी आणि प्यालेलं उलटं येणं, दोन्ही खुणा बरोबर जुळल्या. मी बाप आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा अवघड वाटलं. मोटार असती तर तिची पाच बोल्टं खोलून दाखवली असती.

मग तुमच्या पद्धतीप्रमाणे आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला आणि त्याला एकशे चौदा नंबर दिला. त्याच दिवशी गोकुळ त्याच्या मळ्यातल्या मोटारीचं गाऱ्हाणं घेऊन आला होता. (गोकुळ म्हणजे आमच्या दुकानासमोरून रोज दुधाच्या कॅना घेऊन जाणारा, तुम्ही त्याला ओळखता, बोलायला लागला की कॅन खाली ठेवतो.) त्याच्या मोटारीचाही आवाज भरून घेतला, त्याला एकशे तेरा नंबर दिला आणि सल्ला घ्यायला तुम्हाला पाठवला. तुमचा लगेच फोन आला. तुमचे शब्द मी वहीत उतरवून ठेवले आहेत. "फुटव्हॉल गेला बे याचा. वायसर आत ओढल्या जाऊन राह्यलं. किती जुनी हाये?" मी म्हणालो, दोन महिने. (गोकुळची मोटार आणि यशू एकाच आठवड्यातल्या.) तुम्ही म्हणालात, "मंग हात कायले लावतं? गॅरंटीत हाये, कंपनीले वापस कर." मी म्हणालो, हो मामा. तो 'हो' मात्र चुकीचा नव्हता, त्या वेळी तरी नव्हता. दुसऱ्या दिवशी, परत करायचं म्हणून, आम्ही चौघांनी मिळून गोकुळच्या विहिरीतून साठ फूट पाइप वर ओढला. फुटव्हॉल पाहिला तर नवरीसारखा कोरा. गोकुळ म्हणाला, "तुह्या मामाचे कान गेले आता." मी त्याच्याशी भांडलो. तुमच्या कानांवर मी माझ्या कानांपेक्षा जास्त विश्वास ठेवतो, आणि त्यात मी चुकलो नव्हतो, हे पुढे येईल.

आईने तोवर तिचे उपाय सुरू केले होते. ओवा आणि शेपेची धुरी दिली, तर शिट्टीत खोकला मिसळला. स्वतःच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली, तर तिच्यात यशूची हनुवटी छातीला टेकायची आणि आवाज दुप्पट व्हायचा. मी म्हणालो, आई, पाइप वाकला की हवा कशी जाईल. आई म्हणाली, "तुले याच झोळीत वाढोलं, तवा नाही वाकला तुहा पाइप." मग मी माझा उपाय केला, तोही लिहितो, कारण कामाच्या कागदात स्वतःची चूक लपवायची नसते. खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवून उतार केला, म्हणजे दूध उताराने खालीच राहील. उतार दोन्ही बाजूंनी सारखा असावा म्हणून गवंड्याकडून लेव्हलची बाटली मागून आणली. बाटलीतला बुडबुडा अगदी मधोमध आणला. यशूला ठेवलं, आणि ती हळूहळू, बस स्टँडवरून सुटल्यासारखी, खाली घसरत पायथ्याशी जाऊन गोळा झाली. आई आणि मंजुश्री त्या दिवशी पहिल्यांदा एका बाजूने बोलल्या.

शेवटी बुलढाण्याला बाळांच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. मेहकरला गाडी बदलली आणि ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली. चिखलीच्या अलीकडे यशूने दूध घेतलं आणि शिट्टी सुरू केली. ड्रायव्हरने एकदा मान वळवली, दोनदा वळवली, मग गाडी बाजूला घेतली आणि कंडक्टरला म्हणाला, "कुठंतरी हवा निघून राह्यली, उतरून पाय." दोघंही खाली उतरले आणि ब्रेकच्या पायपा तपासू लागले. मामा, मला कळलं होतं, पण लाजेने मी यशूचं टोपडं सारखं करत बसलो. दोन मिनिटं गेली. मंजुश्रीने खिडकीतून डोकं बाहेर काढून शांतपणे सांगितलं, दादा, वर या, ती हवा आमची आहे. त्यानंतर बुलढाण्यापर्यंत अख्ख्या गाडीने उपचार सांगितले. मी ते सगळे उतरवून घेतले. सतरा झाले. त्यातल्या तेरा उपचारांत घशात बोट घालायचं होतं.

डॉक्टर मॅडम वयाने मंजुश्रीएवढ्याच असतील. मी त्यांच्यापुढे वही ठेवली, चौदा पानं. त्यांनी तीन वाचली आणि म्हणाल्या की असा बाप त्यांनी पाहिला नव्हता. (हे कौतुक होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.) यशू त्या वेळी नेमकी गाढ झोपली होती आणि आवाज बंद होता. कारखान्यात नेलेली मोटार जशी मेकॅनिकसमोर शहाण्यासारखी चालते, तसंच. म्हणून मी मोबाइल काढला आणि एकशे चौदा नंबर लावला. मॅडमनी डोळे मिटून ऐकलं. आवाज संपल्यावर त्यांनी विचारलं की हे बाळ किती हॉर्सपॉवरचं आहे. त्यांच्या सासऱ्यांच्या मळ्यात, देऊळघाटाकडे, अशीच एक मोटार आहे म्हणे. मग मला उजेड पडला. नंबर टाकताना मी दोन्ही आवाज उलटसुलट केले होते. तुम्ही ज्याचा फुटव्हॉल गेला असं निदान केलं होतं, ती मोटार नव्हतीच. तुम्ही तुमच्या नातीचा आवाज ऐकला होता. आणि तुमचे कान गेलेले नाहीत हे पुढच्या दहा मिनिटांत सिद्ध झालं.

कारण मॅडमनी यशूला जागं केलं, तपासलं, कागदावर चित्र काढलं आणि जे सांगितलं ते तुमच्या वाक्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. बाळाच्या स्वरयंत्राच्या वर जी कूर्चा, म्हणजे लवचीक हाड, असते ती अजून मऊ आहे. श्वास ओढला की ती आत ओढली जाते आणि शिट्टी वाजते. खालून आंबट दूध वर येतं, त्याने ती जागा सुजते आणि आवाज वाढतो. बहुतेक बाळांची कूर्चा वाढीबरोबर घट्ट होते आणि वर्ष-दीड वर्षात आवाज आपोआप जातो. मी विचारलं, औषध? तर म्हणाल्या, सध्या औषध खांदा. थोडं थोडं पाजायचं, ढेकर काढायचा आणि पाजल्यावर अर्धा तास उभं धरायचं. झोपवायचं सपाट जागेवर आणि उताणं, आवाज आला तरी. विटा काढा, झोळी सोडा, धूर बंद. पोटावर आवाज कमी येतो म्हणून पालथं झोपवायचं नाही. घशात बोट घालायचं नाही, कोणीही नाही. (या वाक्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या.) ओठ निळे पडले, श्वास थांबला, बरगड्यांमध्ये खोल खळगे पडू लागले किंवा दूध घेणं बंद झालं, तर वाट न पाहता निघून यायचं. आणि वजन. त्या दिवशी यशू तीन किलो नऊशे ग्रॅम भरली. पंधरा दिवसांत ती निदान चार किलो दोनशे झाली पाहिजे. नाही झाली, तर श्वासाच्या खटपटीतच तिची ताकद जाते आहे असं समजायचं आणि मोठ्या दवाखान्यात दुर्बीण घालून पाहायचं. ते पंधरा दिवस येत्या मंगळवारी पुरे होतात.

मामा, एवढ्याशा बाळाच्या घशात दुर्बीण कशी घालत असतील हा विचार मी दिवसातून किती वेळा करतो ते वहीत लिहिलेलं नाही.

घरी आलो. विटा काढल्या, त्यात काही कष्ट पडले नाहीत. झोळी सोडताना आईने लुगड्याची घडी करायला अर्धा तास लावला. "डाक्टरीनबाईनं आजी सोडून द्या म्हटलं असतं तं तेबी केलं असतं तू," असं म्हणाली आणि जेवली नाही. मग मी हिशोब मांडला. दिवसातून आठ वेळा पाजणं, प्रत्येक वेळी अर्धा तास खांदा, म्हणजे चार तास. घरात माणसं तीन. मंजुश्री पाजते, म्हणून तिच्याकडून खांद्याचं काम घेणं अन्याय, असं मी ठरवलं. आई रुसलेली. उरलो मी. दुकानात खुर्चीवर बसून यशूला खांद्यावर घेतो. तारा गुंडाळण्याचं काम दोन्ही हातांचं असल्यामुळे मोटारी तशाच पडून राहतात. गोकुळ एकदा त्याच्या मोटारीसाठी ओरडायला आला, तेव्हा मी म्हणालो, ही धर, तेवढ्यात करतो. त्याने तिला घेतलं, ती त्याच्या कॉलरमध्ये ओकली, तरी त्याने अर्धा तास पुरा केला. आता तो रोज येतो. काम नसलं तरी येतो. जो माणूस दोन मिनिटं गप्प बसत नाही तो तिला खांद्यावर घेऊन दुकानासमोर गुपचूप फेऱ्या मारतो, आणि कोणी हाक मारली तर ओठावर बोट ठेवतो.

या दिवसांतली एक गोष्ट लिहावी की नाही, याचा मी बराच विचार केला. परवा मंजुश्रीने वही मागितली. मला वाटलं, पाजण्याची वेळ पाहायची असेल. तिने पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. यशूने किती मिनिटं दूध घेतलं, किती वेळा ओकली, मिनिटाला किती श्वास, शिट्टी मोठी की बारीक, सगळं होतं. वाचून तिने वही मिटली आणि म्हणाली, यात मी कुठंच नाही. खरंच नव्हती, मामा. आता एकवीस पानं झाली आहेत, आणि त्यात मंजुश्रीचं नाव फक्त एकदा आलं आहे, मालकाच्या रकान्यात. ती म्हणाली, "काल मी मोरीत बसून रडली, तुम्ही दाराबाहेर उभं राहून घड्याळात पाहून राह्यले होते. पोरीचे श्वास मोजता, मीबी श्वास घेते या घरात." मी पेन घेतलं आणि सोमवारच्या पानावर लिहिलं, 'मंजुश्री रडली. मी विचारलं नाही.' तिने ते वाचलं आणि 'विचारलं'मधलं 'ल'वरचं टिंब मी विसरलो होतो ते देऊन टाकलं. मग म्हणाली, जेवून घ्या. तेव्हापासून संध्याकाळचा खांदा तिने स्वतःकडे मागून घेतला आहे. म्हणते, मलाही तिला काही न करता नुसतं धरायचं असतं. हा न्याय-अन्याय मी तिला न विचारता ठरवला होता.

काल अंगणवाडीत सुवर्णाताईंनी वजन केलं. चार किलो एकशे दहा. सुवर्णाताई म्हणाल्या, वाढून राह्यली की चांगली. मी म्हणालो, अजून नव्वद ग्रॅम. त्या म्हणाल्या, भाऊ, घरी जा.

आता शेवटचं, आणि हे मी तुमच्यापुढे विद्यार्थी म्हणून लिहितो. मी कामाला लागलो त्या वर्षी एका हातपंपात नवं चामड्याचं वायसर बसवलं आणि पंप शिट्टी मारायला लागला. मी घाबरून ते उघडून पेचकसाने सरळ करायला निघालो, तेव्हा तुम्ही माझ्या हातावर चापट मारली होती. म्हणालात, "नवं चामडं हाये बे. भिजू दे, फुगू दे, आपल्या जागी बसू दे. बसत असलेल्या व्हॉलमधी पेचकस घालशील तं फाटन, मंग बसणारच नाही." दोन दिवसांनी शिट्टी बंद झाली. त्या दोन दिवसांत तुम्ही रोज सकाळी जाऊन तो पंप हापसून पाहत होता, हेही मी पाहिलं आहे. नुसतं सोडून दिलं नव्हतं. वाट पाहणं आणि सोडून देणं यात फरक आहे हे मला तिथे कळलं, आणि आत्ता, यशू खांद्यावर असताना, ते परत आठवलं.

वडीलधाऱ्यांना सल्ला देण्याएवढा मी मोठा नाही. कमीजास्त लिहिलं गेलं असेल तर भाचा समजून पोटात घाला. मामींना नमस्कार, बकरीच्या पिल्लांना दोन्ही वेळचा पाला.

तुमचा,
नागसेन

ता. क. अकरांतला चुकीचा 'हो' तो हा. मंगळवारी मी तुम्हाला सांगितलं की तो आवाज मोटारीचा नाही, यशूचा होता. तुम्ही म्हणालात, "रविवारी रेणुकाबाईले घेऊन येतो. लहान लेकराची पडजीभ उचलते ती, घशात एक बोट फिरवलं की झालं." आणि मी म्हणालो, हो मामा. मामा, तो 'हो' मी परत घेतो. रेणुकाबाईंचा हात चांगला असेल, त्यांचा अपमान करायचा नाही. पण यशूची पडजीभ खाली आलेली नाही. जी जागा मऊ आहे ती तिच्याही खाली आहे, आणि आधीच सुजलेली आहे. तिथे बोट लागलं आणि सूज वाढली तर श्वासाची वाटच बंद होईल. तुम्ही रागावलात तरी चालेल. रागावलेले मामा मी आयुष्यभर पाहिले आहेत, त्याची मला सवय आहे. बसत असलेल्या व्हॉलमध्ये पेचकस नको.

ता. क. दुसरा, संध्याकाळी. पत्र बंद करायच्या आधी आईला वाचून दाखवलं, कारण रेणुकाबाईंचा विषय मुळात तिनेच तुमच्या कानावर घातला होता. ती भांडेल असं मला वाटलं होतं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, तू बी असाच वाजायचा. मी विचारलं, मग इतके दिवस सांगितलं का नाही? तर म्हणाली, "झोळीनं बरा झाला असं वाटे मले. आता झोळी सोडली तं आठोलं, झोळीत तं तू टिकतच नव्हता. तुहा मामाच घेऊन हिंडे तुले खांद्यावर, वखरामागं बी. त्यानं तं वहीत लिवलं होतं." तुम्ही दुकान मला दिलं तेव्हा जुन्या वह्यांचा डबाही दिला होता. आम्ही तो आत्ता काढला. तिसऱ्या वहीत आहे. काम क्रमांक सदोतीस. मालक, जनकाबाई (म्हणजे आई). वस्तू, पोरगं. आवाज, शिट्टी, श्वास ओढताना. कधी, दूध पेल्यावर. काय केलं, अर्धा घंटा खांद्यावर उभं धरलं. पुन्हा वाजलं. पुन्हा धरलं. दुरुस्तीचा दिनांक, पोळ्याच्या आसपास, आपोआप. (या नोंदीत 'दुरुस्ती' हा शब्द एकदाच आला आहे आणि तोही चुकला आहे. मी काही म्हणत नाही.)

ता. क. तिसरा. आईने आत्ताच रेणुकाबाईंना फोन करून रविवारचं नको म्हणून सांगितलं. बोलताना तिने माझं नाव घेतलं नाही, मीच नको म्हणते, असं म्हणाली. म्हणजे हे पत्र लिहायची आता गरज उरलेली नाही. पण लिहायला तीन दिवस लागले आहेत आणि तीन वेळा तपासलं आहे, म्हणून पाठवतो. गोकुळ उद्या तुमच्याच गावी, साखरखेर्ड्याला, पाहुण्यांकडे जाणार आहे, त्याच्या हाती देतो. त्याला चहा द्या, पण बोलायला बसवू नका, चारच्या खांद्याला तो इथे लागतो.

तुम्ही रविवारी या मात्र. एकटे या. मंगळवारी बुलढाण्याला काट्यावर तिला ठेवायचं आहे, तोवर राहा. दुपारचे दोन खांदे मोकळे आहेत. येताना जुना शर्ट घाला.